बोअरिंगच्या पाण्यात डाळ का अडून बसते

इंदूरमधल्या बऱ्याच घरांत दोन प्रकारचं पाणी असतं. एक नर्मदेचं, एक दिवसाआड येणारं, ज्याच्या वेळेसाठी कुणीतरी घरी थांबायलाच हवं. दुसरं बोअरिंगचं, बटण दाबलं की हजर. नर्मदेचं पाणी मंडलेश्वरजवळच्या जलूदहून, सुमारे 70 किलोमीटरवरून, पंपांनी विंध्याचा चढ चढवून आणतात. त्या योजनेचा पहिला टप्पा 1978 साली सुरू झाला. त्यामुळे हे पाणी जपून वापरायचं आणि बाकी सगळं बोअरिंगवर भागवायचं, अशी विभागणी घरोघरी आपोआप झालेली आहे. धुणं, भांडी, अंघोळ, कूलर, गाडी धुणं हे सगळं बोअरिंगवर.

पण ज्या दिवशी टाकीतलं नर्मदेचं पाणी संपतं, त्या दिवशी कुकरमध्येही बोअरिंगचंच जातं. मुलाला पीथमपूरची बस गाठायची असते, डबा भरायचा असतो, आणि चार शिट्या होऊनही तूरडाळ दाणा न् दाणा वेगळी. मग डाळ देणाऱ्या किराणावाल्याचा उद्धार होतो. तो कधीकधी रास्तही असतो, पण निम्मा दोष जमिनीखालच्या दगडाचा आहे.

माळवा बसला आहे बेसाल्टवर. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर थिजून हा काळा दगड झाला, आणि त्याच्या खनिजांत कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर. पावसाचं पाणी मातीत मुरताना मुळांनी आणि जिवाणूंनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड विरघळवून घेतं आणि किंचित आम्लधर्मी होतं. असं पाणी दगडाच्या भेगांत दीर्घकाळ मुक्काम करतं आणि ही खनिजं हळूहळू विरघळवून घेतं. आपण त्याला जड पाणी म्हणतो. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याची कठीणता, म्हणजे हाच जडपणा, लिटरमागे 200 मिलिग्रॅमपर्यंत असावी, दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालते. खोल बोअरिंगचं पाणी यातली पहिली मर्यादा सहज ओलांडू शकतं. नर्मदेतही कॅल्शियम असतंच, पण नदीतलं बरंचसं पाणी वरच्यावर वाहून आलेलं असतं, दगडात मुरून बसलेलं नसतं.

आता डाळीकडे वळू. डाळीच्या दाण्यातल्या पेशी पेक्टिन नावाच्या पदार्थाने एकमेकींना चिकटलेल्या असतात, विटांच्या मधल्या चुन्यासारख्या. डाळ शिजते म्हणजे उष्णतेने हे पेक्टिन सुटतं, पेशी विलग होतात आणि रवीचा एक फेर मारताच वरण एकजीव होतं. कॅल्शियम नेमकं इथे आडवं येतं. त्याच्या कणावर दोन धन भार असतात, त्यामुळे तो पेक्टिनच्या दोन साखळ्यांना एकाच वेळी धरून ठेवतो. पाण्यात कॅल्शियम जितकं जास्त, तितके हे टाके जास्त, आणि तितकी डाळ हट्टी.

किराणावाल्याचा दोष येतो तो जुन्या मालामुळे. डाळीत आणि कडधान्यांत फायटिक आम्ल असतं, ते दाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम स्वतःकडे बांधून ठेवतं. माल गरम, दमट गोदामात महिनोन्‌महिने पडून राहिला की एका विकराच्या (एन्झाइमच्या) कामामुळे हे आम्ल मोडत जातं, मोकळं झालेलं कॅल्शियम पेक्टिनकडे जातं आणि दाणा आतूनच घट्ट होतो. जुनी डाळ आणि बोअरिंगचं पाणी एकत्र आले, तर शिट्यांचा आकडा विचारूच नका. राजमा आणि छोल्यांना हे तुरीपेक्षा जास्त लागू पडतं.

यावरचा घरगुती उपाय म्हणजे चिमूटभर खायचा सोडा. त्यावरून सासू-सुनेत होणारा संवाद साधारण ठरलेला असतो. "आई, सोडा नका घालू हो, जीवनसत्त्वं मरतात." "मरू देत, कच्च्या डाळीनं पोट तरी दुखायचं नाही." शास्त्र दोघींच्या बाजूने आहे. सोड्याने पाणी अल्कधर्मी होतं, त्यात पेक्टिन लवकर तुटतं. शिवाय पाण्यातलं थोडं कॅल्शियम कार्बोनेट होऊन खाली बसतं. पण त्याच अल्कधर्मी पाण्यात बी-1 जीवनसत्त्व टिकत नाही, आणि सोडा हाताबाहेर गेला तर वरणाला साबणासारखी चव येते. माझं मत विचाराल तर सोडा हा शेवटचा उपाय. त्याआधी भिजवणं आहे. अख्खी कडधान्यं मिठाच्या पाण्यात, लिटरमागे चमचाभर मीठ घालून, रात्रभर भिजवली की सोडियम आत शिरतं आणि कॅल्शियमची जागा घेतं. सोडियमला एकच धन भार, त्याला दोन साखळ्या धरता येत नाहीत. मिठाने दाणा टणक होतो ही समजूत निदान भिजवण्याच्या बाबतीत उलटी आहे. चिंच, आमसूल, टोमॅटो मात्र शिजल्यावरच घालावेत, कारण आंबट पाण्यात पेक्टिन तुटायला फार वेळ लागतो.

शिट्यांबद्दलही एक बोलायचं आहे, कारण डाळ न शिजण्याचं एक साधं कारण ही मोजणीसुद्धा असते. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण 550 मीटर उंच आहे, त्यामुळे इथे उघड्या पातेल्यात पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळतं. कुकरमध्ये ते जवळपास 120 पर्यंत जातं, आणि तापमान दहा अंशांनी वाढलं की शिजण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणजे खरं काम त्या दाबाखाली डाळ किती मिनिटं राहिली यावर ठरतं. घाईच्या सकाळी मोठ्या आचेवर भराभर चार शिट्या काढल्या, तर दाबाखालची मिनिटं थोडीच मिळतात. पहिल्या शिट्टीनंतर आच बारीक करून घड्याळाकडे पाहिलं, तर शिट्ट्या कमी होतील पण डाळ शिजेल. गॅसही वाचतो.

आपल्या घरचं पाणी किती जड आहे हे बघायला प्रयोगशाळा लागत नाही. तीन सारख्या बाटल्या घ्या. एकीत नर्मदेचं, दुसरीत बोअरिंगचं, तिसरीत आरओचं पाणी अर्ध्यापर्यंत भरा. अंघोळीच्या साबणाचा सारखाच कीस तिन्हींत टाका आणि हलवा. आरओच्या बाटलीत फेस गळ्यापर्यंत चढतो. बोअरिंगच्या बाटलीत फेस विरतो आणि पाणी गढूळ होऊन त्यात पांढरे चिकट तुकडे तरंगू लागतात. कॅल्शियम साबणातल्या सोडियमला हुसकावतं आणि न विरघळणारा नवा साबण तयार होतो, तेच ते तुकडे. बादलीच्या कडेला बसणारा करडा थर आणि न्हाल्यावर केसांना येणारा राठपणा त्यांचाच. शाम्पू किंवा धुण्याची पावडर टाकून हा प्रयोग करू नका, फरक दिसणार नाही. त्यांतले फेस करणारे पदार्थ कॅल्शियमला इतके बधत नाहीत. धुणं बोअरिंगवर भागतं ते याच कारणाने.

दुसरा प्रयोग चहाच्या पातेल्यात. बोअरिंगचं पाणी खळखळून उकळा आणि गार होऊ द्या. तळाशी पिठासारखा पांढरा गाळ बसतो. पाणी निथळून त्या गाळावर लिंबू पिळा, बारीक फसफस होते. उकळताना पाण्यातला कार्बन डायऑक्साइड निघून गेला, आणि विरघळलेलं बायकार्बोनेट कार्बोनेट होऊन खाली बसलं. लिंबाच्या आम्लाने त्यातला उरलेला वायूही सोडवला. यातून डाळीसाठी एक सोय निघते. नर्मदेचं पाणी नसेल त्या दिवशी आदल्या रात्री उकळून निथळलेलं बोअरिंगचं पाणी वापरावं. सगळं कॅल्शियम जात नाही, सल्फेट आणि क्लोराइडच्या रूपातलं राहतंच, पण फरक पडतो.

हाच गाळ गीझरच्या कॉइलवर रोज थोडा थोडा चढतो. थर उष्णता नीट जाऊ देत नाही, मग पाणी तापायला वेळ लागतो, बिल वाढतं आणि आतली कॉइल जास्त तापून एक दिवस जळते. पाणी जितकं गरम, तितका थर भराभर बसतो. म्हणून गीझर 70 वर ठेवून गार पाणी मिसळत बसण्यापेक्षा 50-55 वर ठेवलेला बरा.

कूलरचं गणित वेगळं आहे. तिथे पाणी तापत नाही, उडून जातं, आणि वाफेबरोबर क्षार जात नाहीत. माळव्याच्या मे महिन्यात कूलर दिवसाला कित्येक बादल्या पाणी पितो. आपण वरून भरत राहतो आणि टाकीतलं पाणी दिवसेंदिवस जास्त जड होत जातं. गवताच्या जाळ्या पांढऱ्या पडून कडक होतात त्या यामुळे. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करणं हा एवढाच उपाय आहे, डासांच्या अळ्याही त्यासोबत जातात.

आणि हो, दारावर येणारे ते यंत्र विकणारे. पेन बुडवून टीडीएसचा आकडा दाखवतात, मग दोन तारांचं यंत्र ग्लासात सोडतात, तुमच्या नळाचं पाणी तांबूस-काळं होतं आणि आरओचं स्वच्छ राहतं. हा खेळ आहे. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते आणि यंत्रातली लोखंडी तारच गंजून विरघळते. आरओच्या पाण्यातून वीज फारशी वाहत नाही, म्हणून काही होत नाही. तो रंग तारेचा आहे, पाण्याच्या घाणीचा नाही. पेनचा आकडाही फक्त विरघळलेले क्षार सांगतो, जंतू किती आहेत ते सांगत नाही. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम शरीराला लागतातच, नुसत्या जडपणासाठी जागतिक आरोग्य संघटनेने आरोग्याची म्हणून मर्यादाही घातलेली नाही. बोअरिंगचं पाणी पिण्याआधी तपासायचं ते जंतू, नायट्रेट आणि फ्लोराइड यांच्यासाठी.

नळावर आणि पातेल्यावर बसलेला थर काढायला किराणा दुकानात मिळणारं लिंबाचं सत पुरतं. गरम पाण्यात विरघळवून अर्धा तास ठेवलं की थर सुटतो. संडास धुण्याचं ॲसिड स्टीलच्या भांड्याला लावू नये, स्टीलला खड्डे पडतात. आणि ते ॲसिड व ब्लीचिंग पावडर एकाच वेळी कधीच वापरू नये, कारण त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेततो.