आईकडून बाळाला होणारी हिपॅटायटीस सीची लागण

हिपॅटायटीस सी (एचसीव्ही) हा यकृताला सूज आणणारा, रक्तातून पसरणारा विषाणू. आईच्या रक्तात तो असेल, तर गरोदरपणात किंवा बाळंतपणाच्या वेळी १०० पैकी ५ ते ६ बाळांना लागण होते. आईला एचआयव्हीही असल्यास हे प्रमाण जवळपास दुप्पट होते. बाकीची बाळे सुटतात, आणि रिपोर्ट हाती पडताच घरच्यांना आधी हेच सांगायला हवे.

‘अँटी-एचसीव्ही’ चाचणी फक्त प्रतिपिंडे, म्हणजे विषाणूशी लढायला शरीराने बनवलेली प्रथिने, दाखवते. विषाणू आज रक्तात आहे का, हे ‘एचसीव्ही आरएनए’ चाचणी सांगते. आरएनए, म्हणजे विषाणूचे जनुकीय द्रव्य, न सापडलेल्या आईकडून लागण जवळजवळ होतच नाही. सातारा-सांगलीकडे कावीळ म्हटले की पिवळे डोळे आठवतात. या आजारात बहुतेकांचे डोळे पिवळे होतच नाहीत, त्यामुळे झाडपाल्याने तो ‘उतरला’ असे मानणे घातक ठरते. रक्तपेढ्यांत ही तपासणी सक्तीची होण्याआधी, म्हणजे २००१ पूर्वी, रक्त चढवलेल्या, डायलिसिसवर असलेल्या किंवा जत्रेत एकाच सुईने गोंदवून घेतलेल्या गरोदर स्त्रीने अँटी-एचसीव्ही चाचणी मागून घ्यावी.

केवळ या कारणासाठी सिझर करू नये. त्याने धोका घटत नाही. ठोके मोजण्यासाठी बाळाच्या टाळूला इलेक्ट्रोड (टोचून लावायची तार) लावणे टाळावे आणि पाणी गेल्यावर प्रसूती फार लांबू देऊ नये. जन्मानंतर २४ तासांत मिळणारी लस हिपॅटायटीस बीची असते. ती द्यायचीच, पण सीवर तिचा उपयोग नाही. सीची लस अजून निघालेली नाही.

अंगावरचे दूध तोडू नये, दुधातून लागण होत नाही. स्तनाग्राला चीर पडून रक्त येत असेल, तर त्या बाजूचे दूध पिळून टाकावे आणि जखम भरली की पुन्हा पाजावे.

खरी गफलत पुढे होते. आईची प्रतिपिंडे वारेतून बाळात उतरतात आणि १८ महिन्यांपर्यंत टिकू शकतात, म्हणून त्याआधीची अँटी-एचसीव्ही चाचणी निरोगी बाळालाही आजारी ठरवते. नाळेचे रक्त तर तपासूच नये, त्यात आईचे रक्त मिसळलेले असू शकते. लवकर कळायला हवे असेल तर २ ते ६ महिन्यांत आरएनए करावी, नाहीतर १८ महिने पूर्ण झाल्यावर प्रतिपिंडांची. पण बाळंतपण माहेरी होते आणि बाळ सासरी वाढते. विटा-आटपाडीकडची गलाई (सोने-चांदी गाळणारी) कुटुंबे तर बाळाला घेऊन दुसऱ्या राज्यात परततात आणि तपासणी राहून जाते. माता-बाल संरक्षण कार्डावर तारीख ठळक लिहून ठेवावी. १६ ते २४ महिन्यांत लसीचा बूस्टर असतोच. १८ महिने झाल्यावर तो घेतला, तर एकाच खेपेत दोन्ही होते.

लागण झालेल्या मुलांपैकी साधारण चौथा हिस्सा किंवा अधिक पहिल्या काही वर्षांत आपोआप बरी होतात. उरलेल्यांना ३ वर्षांनंतर गोळ्या देता येतात. ८ ते १२ आठवड्यांत ९५ टक्क्यांहून अधिक मुले बरी होतात.

गरोदरपणात हे उपचार सहसा देत नाहीत. रिबाव्हिरिन हे औषध तर पूर्ण वर्ज्य. आईने पुढच्या गरोदरपणाआधी उपचार उरकावेत. २०१८ पासूनच्या राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटीस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि औषधे मोफत आहेत. सिरॉसिस (यकृत कडक होऊन आकसणे) नसल्यास सोफोसबुव्हिर ४०० आणि डॅक्लाटास्विर ६० मिलिग्रॅम, रोज, ८४ दिवस. कोर्स संपल्यावर १२ आठवड्यांनी आरएनए सापडला नाही, की आजार गेला. प्रतिपिंडे मात्र राहतात आणि पुढच्या खेपेला चाचणी पुन्हा पॉझिटिव्ह येते, म्हणून तो आरएनएचा कागद जपून ठेवावा.