हिरवाई मोजायची कुठल्या महिन्यात?

नाशिक जास्त हिरवं की पुणे, हा वाद आमच्याकडे पाहुणे आले की हमखास रंगतो. आकड्यात उत्तर हवं असेल तर नेहमीचा भागाकार तयार असतो: एकूण हिरवी जागा भागिले लोकसंख्या. केंद्र सरकारच्या २०१४ च्या नगरनियोजन मार्गदर्शिकेत माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा सुचवली आहे. २०११ च्या जनगणनेनुसार नाशिकची लोकसंख्या सुमारे १४ लाख ८६ हजार. म्हणजे माणशी १० धरले तरी जवळजवळ १५ चौरस किलोमीटर जागा लागते. महापालिकेची हद्द साधारण २६० चौरस किलोमीटरची, त्यामुळे कागदावर हे अवघड वाटत नाही. पण ‘हिरवं’ म्हणायचं कशाला?

मोजणी बहुतेक वेळा उपग्रहाच्या चित्रांवरून होते. जिवंत पान तांबडा प्रकाश शोषून घेतं आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश भरपूर परत फेकतं. या दोन्हींतल्या फरकाला त्यांच्या बेरजेने भागलं की उणे १ ते अधिक १ च्या दरम्यानचा एक निर्देशांक मिळतो, एनडीव्हीआय. तो जितका जास्त, तितकी हिरवाई दाट. लँडसॅट उपग्रह जमीन ३० मीटरच्या चौकोनांत पाहतो, सेंटिनेल-२ दहा मीटरच्या. नाशिकच्या सिडको वसाहतीतल्या गल्लीतला एकटा कडुनिंब ३० मीटरच्या चौकोनात पत्र्यांत आणि स्लॅबमध्ये विरून जातो.

नाशिकच्या मखमलाबादकडच्या द्राक्षबागा मात्र ठळक दिसतात, तेही महिना पाहून. एप्रिलात खरड छाटणी झाली की बाग उघडी पडते, काही आठवड्यांत नवी फूट येऊन हिरवीगार होते. ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणीला पुन्हा तेच. पांडवलेण्याचा डोंगर ऑगस्टात हिरवा, मार्चपर्यंत गवत वाळून पिवळा. ऑगस्टमधलं नाशिक आणि मेमधलं नागपूर शेजारी ठेवलं तर ती तुलनाच नव्हे. माझं स्पष्ट मत आहे की आपल्या शहरांची तुलना मे महिन्यातल्या चित्रांवरून व्हावी, कारण सावलीची खरी गरज तेव्हाच असते. शिवाय द्राक्षबाग कितीही हिरवी असली तरी आजोबा नातवाला घेऊन तिथे फिरायला जाऊ शकत नाहीत.

सरासरीचाही असाच घोळ. मुंबईच्या हिशेबात संजय गांधी राष्ट्रीय उद्यान धरलं की आकडा फुगतो, पण कुर्ल्याच्या चाळीतल्या मुलाच्या वाट्याला त्यातलं रोज काय येतं?

म्हणूनच सेसिल कोनाइनेनडाइक या शहरी वनांच्या अभ्यासकाने २०२१ मध्ये मांडलेला ३-३०-३०० चा नियम मला मोलाचा वाटतो. घरातून किमान ३ झाडं दिसावीत, वस्तीवर ३० टक्के झाडांचं छत्र असावं आणि हिरवी जागा ३०० मीटरच्या आत असावी. इथे मोजणी शहरापासून नाही, माणसाच्या दारापासून सुरू होते.

इंदिरानगरच्या आमच्या गॅलरीतून मी पाहिलं. एक गुलमोहर, एक सोनमोहर. तिसरं झाड होतं, ते पार्किंगसाठी गेलं. नकाशावर बाग सरळ रेषेत ३०० मीटरच्या आतच येते. पण मध्ये महामार्ग आहे. बोगद्यातून वळसा घालून आईला घेऊन चालत गेलो, तेव्हा अकराशे पावलं भरली, आणि त्यातली शेवटची शंभरच सावलीत होती.