कंबर दुखते म्हणून लगेच एमआरआय?

नागपुरात धंतोली-रामदासपेठेत कुठल्याही हाडाच्या डॉक्टरकडे वेटिंगमध्ये बसा, बऱ्याच जणांच्या मांडीवर एमआरआयची ती मोठी पिशवी दिसेल आणि बोलणं एकच, "एल फोर-एल फाइव्हमध्ये (कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यात) गॅप निघाला", "गादी सरकली म्हणते". रिपोर्ट हातात आला की माणूस वाकायचंच सोडून देतो, आणि माझ्या मते अर्धं दुखणं तिथूनच वाढते.

२०१५ मध्ये एक मोठा आढावा आला होता, ज्यांची कंबर कधी दुखतच नाही अशा तीन हजारांवर लोकांच्या स्कॅनचा. त्यात विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या डिस्कची, म्हणजे मणक्यांमधल्या गादीची झीज दिसली, पन्नाशीत ८० टक्के, ऐंशीपर्यंत ९६ टक्के! म्हणजे पन्नाशीच्या काकूंच्या रिपोर्टमध्ये 'डीजनरेशन' म्हणजे झीज लिहून आलं तर ते केस पांढरे झाल्यासारखं आहे, दुखण्याचं कारण तेच असेल असं काही नाही.

१२ आठवड्यांच्या वर टिकली की ती जुनाट कंबरदुखी, आणि अशा दहातल्या साधारण नऊ जणांत कोणतं एक नेमकं कारण बोट ठेवून दाखवताच येत नाही. मग डॉक्टर तपासतो तरी काय? आधी धोक्याच्या खुणा. ताप, विनाकारण वजन उतरणं, पूर्वी झालेला कॅन्सर, पडल्याचा मार, खूप दिवस चालू असलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या. आपल्याकडे मणक्याचा टीबीही डोक्यात ठेवावाच लागतो. तरुण पोरगा सकाळी अर्धा तास आखडलेला असतो आणि हिंडला-फिरला की मोकळा होतो, तर तो संधिवाताचा प्रकार असू शकतो. आणि लघवी अडकली, बसायची जागा बधिर झाली, पायातली ताकद गेली तर सकाळची वाट पाहायची नाही, रात्रीच मेडिकल नाहीतर मेयो हे सरकारी हॉस्पिटल गाठायचं.

मग टेबलावर उताणं झोपवून पाय सरळ वर उचलतात. साधारण ३० ते ७० अंशांच्या मधात गुडघ्याच्या खालपर्यंत करंट गेल्यासारखी कळ गेली तर नस दबल्याचा संशय, नुसती मांडी मागून ताणली तर तसं नाही. टाचांवर चालून दाखवा, पायाचा अंगठा वर ओढा, एवढ्यानंही बरंच कळते, पाच मिनिटांचं काम.

पण जे विचारायचं राहून जाते ते वेगळंच असते. झोप लागते का? कामावर काय चालू आहे? वाकलं तर मणका तुटेल असं वाटते का? कळमन्याच्या बाजारात पोती उचलणाऱ्याचं आणि आयटी पार्कात दिवसभर बसून राहणाऱ्याचं दुखणं स्कॅनवर सारखं दिसू शकते, पण ज्याला कंबरेची भीती बसली त्याचं जास्त रेंगाळते, कारण महिनोन्‌महिने दुखून दुखून मज्जासंस्थाच हळवी होते, साधी हालचालही तिला धोका वाटायला लागते. हे मनाचे खेळ नाहीत, दुखणं खरंच असते.

जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये यावर गाइडलाइन काढली. व्यायाम, नीट समजावून सांगणं, गरजेप्रमाणे मानसिक आधाराची थेरपी, मसाज यांना हो, आणि कंबरेचा पट्टा, ट्रॅक्शन (वजन लावून कंबर ताणणं), अल्ट्रासाउंडचा शेक हे नेहमीचे उपाय म्हणून नको. वाचून हसू आलं, कारण आपल्याकडे फिजिओथेरपी म्हणजे लोकांना नेमकं हेच वाटते न भाऊ! सूज-दुखीच्या गोळ्या थोडे दिवस चालतात, पण मे महिन्यात घामानं पाणी कमी झालेल्या अंगावर स्वतःच्या मनानं रोज खात बसलं तर किडनीला महागात पडू शकते.

ऑपरेशन लागते ते थोड्यांना, मुख्यतः नस दबून पाय कमजोर होत असेल किंवा पायातली कळ काही केल्या थांबतच नसेल तेव्हा. बाकीच्यांसाठी चालणं. २०२४ च्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात नुकतीच बरी झालेली माणसं हळूहळू वाढवत नियमित चालायला लागली तर दुखणं परत यायला साधारण २०८ दिवस लागले, न चालणाऱ्या गटात ११२. अंबाझरी नाहीतर फुटाळा तलावावर जा, उन्हाळ्यात पहाटे जा, पहिल्या आठवड्यात दहा मिनिटंच चाला. थोडं दुखलं तरी चालते, दुसऱ्या दिवशी फार वाढलं तर चालणं थोडं कमी करा, बंद करू नका.