'लोकेशन?' या प्रश्नावरून ग्रुपमध्ये भांडणं का होतात

चांदोली, कोयना, भीमाशंकरच्या जंगलांत दिसलेल्या प्राणी-पक्षी-झाडांच्या नोंदी एकमेकांना देणाऱ्या पुण्यातल्या ग्रुप्समध्ये परत तोच वाद सुरू झालाय, नोंदीबरोबर नेमकी जागा सांगायची की नाही. नवीन आलेल्यांना यात एवढं भांडण्यासारखं काय आहे ते कळत नाही, म्हणून थोडं मागचं.

फार मागे जात नाही. देवरायांचा अभ्यास पुण्यातून १९७० च्या दशकातच सुरू झाला होता, १९८५ ला भीमाशंकर, कोयना ही अभयारण्यं जाहीर झाली, आणि तेव्हा माहिती द्यायची म्हणजे कुणाच्या तरी घरी बसून वहीतली पक्ष्यांची यादी उतरवून घ्यायची. शिवाय बुद्धपौर्णिमेला प्राणी मोजायला पाणवठ्यावर मचाणावर रात्र काढायची, एकच गवा दोन पाणवठ्यांवर दोनदा मोजला जायचा, पण जंगल बघायला मिळतंय म्हटल्यावर तक्रार कोण करणार. पुढे २००४ ला चांदोली राष्ट्रीय उद्यान झालं, २०१० ला कोयना-चांदोली मिळून व्याघ्र प्रकल्प. वहीत लोकेशनचा प्रश्न यायचाच नाही, कारण वही ज्याच्या हातात देणार तो माणूस ओळखीचा असायचा.

गडबड सुरू झाली ती २०१२ च्या आसपास. त्या वर्षी कास, कोयना, चांदोली, राधानगरी जागतिक वारशाच्या यादीत गेले आणि जवळपास त्याच सुमारास सगळ्यांच्या हातात स्मार्टफोन आले. कासला सप्टेंबरच्या रविवारी फुलं बघायला किती गर्दी होते ते सगळ्यांनी बघितलंय, काजव्यांचंही तेच झालं. ग्रुपवर खर्चुडीचा (कंदावर येणारी दुर्मीळ रानफुलाची वेल) फोटो पडला की खाली पहिली कमेंट 'वा' नाही, 'लोकेशन?'. मग घरट्यासमोर ट्रायपॉड, मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवणं, कंद उकरून नेणं, हे सगळं त्या एका प्रश्नामागून आलं. तेव्हा बऱ्याच ग्रुप्सनी नियम केला की घरटं, गुहा, ऑर्किड, खर्चुडी, यांची जागा टाकायची नाही, फार तर तालुका लिहायचा. माझ्या मते नियम बरोबरच होता. पाळणं मात्र अवघड. व्हॉट्सॲपवर फोटो नेहमीसारखा पाठवला तर त्यातली जीपीएसची माहिती निघून जाते, पण तोच डॉक्युमेंट म्हणून पाठवला की जशीच्या तशी जाते, आणि हे माहीत नसलेले लोक 'ओरिजिनल क्वालिटी'च्या नादात नेमका डॉक्युमेंटच पाठवतात. ते नाही तर फुलामागे एखाद्या किल्ल्याचा बुरूज दिसतो, आणि पुण्यातला ट्रेकर बुरूज ओळखणार नाही होय!

अभ्यास करणाऱ्यांनी जागा लपवण्याला विरोध केला आणि त्यांचा मुद्दा अगदीच फालतू नव्हता. नोंदींच्या ॲपवर दुर्मीळ जातीची जागा आपोआप झाकली जाते, म्हणजे अंदाजे वीसेक किलोमीटरच्या चौकोनात कुठेतरी एवढंच बाकीच्यांना दिसतं. सपाट मुलखात चालून जाईल, पण सह्याद्रीत त्या एका चौकोनात घाटमाथ्याचं सदाहरित जंगल, मधला कडा आणि खालचं कोकण असं सगळंच येतं, मग झाड वर आहे की खाली हेच कळत नाही, त्या नोंदीवरून अभ्यास काय करणार. यावर तोडगा म्हणून ग्रुप्समध्ये कारण सांगून मागितलं तर खरी जागा द्यायची असं ठरलं, पण कारण पटलं की नाही हे ठरवणार ॲडमिन, आणि ॲडमिन सगळे शहरातले.

मला खरं खुपतं ते इथे, आणि नेमकं यावरच कोणी भांडत नाही. शेकरूचं घरटं कुठल्या झाडावर आहे, पिसोरी (सशाएवढं छोटं हरणासारखं जनावर) कुठल्या ओढ्याला उतरते हे आधी दाखवलं गावातल्या माणसाने, हिरडा गोळा करायला जंगलात जाणाऱ्या बाईने. नोंद मात्र पुण्यातल्या माणसाच्या नावावर, आणि जागा झाकल्यावर ती बघायची परवानगीही त्याच्याच हातात. २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली गावाने आपल्या परिसरातल्या जैवविविधतेची स्वतःची नोंदवही करावी असं आहे, पण जानेवारी २०२० ची मुदत गाठायला अनेक ठिकाणी या नोंदवह्या घाईत उरकल्या गेल्या, त्यामुळे तो रस्ताही नीट झाला नाही.

आता वाद परत तापलाय तो वाघामुळे. २०१८ ला या व्याघ्र प्रकल्पात कॅमेरा ट्रॅपमध्ये (जंगलात लावलेला, आपोआप फोटो काढणारा कॅमेरा) वाघ दिसला, २०२५ च्या शेवटी ताडोब्याहून वाघीण आणून चांदोलीत सोडली, आणि तेव्हापासून ठशांचे फोटो फिरायला लागलेत. काही ग्रुप्सनी ठशांच्या फोटोला तालुकाही लिहायचा नाही असं ठरवलंय, काहींचं म्हणणं की आजूबाजूच्या वाड्यांना तरी लगेच कळायला हवं, गुरं त्यांचीच चरायला जातात. पण त्या वाड्यांमधलं माणूस किती ग्रुप्समध्ये आहे, हे अजून कोणी विचारलेलं नाही.