आडनाव काय म्हणालात?

भाच्यासाठी खोली बघायला साताऱ्यात सदरबझारला गेलो होतो. मालकांनी चहा दिला, भाडं सांगितलं आणि उठता उठता विचारलं, "आडनाव काय म्हणालात?" लगेच पुढे, "तसं आमच्या मनात काही नसतं हो." ते खोटं बोलत होते असं मला वाटत नाही. अडचण नेमकी तीच आहे. स्वतःच्या मनातलं सगळं माणसाला दिसत नाही, मग मनातले छुपे पूर्वग्रह शोधणाऱ्या संशोधकांनी विचारायचं काय?

मानसशास्त्रज्ञ अँथनी ग्रीनवाल्ड आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये युक्ती मांडली: विचारायचं नाही, वेळ मोजायचा.

घरी करून बघा. वीस चिठ्ठ्या घ्या. पाचांवर मोगरा, शेवंती अशी फुलं, पाचांवर झुरळ, ढेकूण असे किडे, पाचांवर आनंद, माया असे चांगले शब्द, पाचांवर घाण, दुखणं असे वाईट. आधी फुलं आणि चांगले शब्द डावीकडे टाका, बाकीच्या उजवीकडे. हात भराभर चालतो. मग चिठ्ठ्या पिसून किडे आणि चांगले शब्द एकत्र करा. माझ्या भाच्याचा हात 'झुरळ' घेऊन हवेतच थांबला! मनात आधीपासून जुळलेल्या जोड्या मोडायला वेळ लागतो, आणि हा थांबा म्हणजेच मोजमाप. संगणकावर फुला-किड्यांच्या जागी दोन समाजांची नावं किंवा चेहरे येतात, दोन कळा दाबायच्या, फरक मिलिसेकंदांत निघतो. ज्याचा हात मुळात संथ त्याच्यावर अन्याय नको, म्हणून दोन सरासरींतला फरक त्याच माणसाच्या वेळांच्या प्रमाण विचलनाने (वेळा किती कमी-जास्त होतात त्याच्या मापाने) भागतात. येणारा आकडा म्हणजे त्या माणसाचे गुण. कोणती जोडी आधी द्यायची तेही आलटून पालटून ठरवतात, कारण पहिल्या फेरीची सवय दुसरीत आडवी येते.

मात्र या गुणांवरून एखाद्यावर शिक्का मारू नये. त्याच माणसाचे गुण महिन्याभराने बदलतात. एका दिवसाच्या कार्यशाळेत पूर्वग्रह काढून देतो म्हणणाऱ्यांवर तर मुळीच विश्वास ठेवू नका. २०१९ च्या एका आढाव्यात जवळपास ५०० अभ्यास तपासले गेले. गुण थोडे हलवता येतात, पण त्यामुळे वागणूकही बदलते असं दिसलं नाही.

म्हणून मला वागणूकच मोजणारा प्रयोग जास्त पटतो. अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि समाजशास्त्रज्ञ पॉल अ‍ॅटवेल यांनी वर्तमानपत्रांतल्या नोकरीच्या जाहिरातींना अर्ज पाठवले. शिक्षण तोडीस तोड, नाव तेवढं वेगळं. २००७ मध्ये निष्कर्ष छापून आले. सवर्ण नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणं येण्याची शक्यता साधारण दोन तृतीयांश, मुस्लिम नावाला एक तृतीयांश. अर्जात जात कुठेच लिहिलेली नव्हती.