पार्सल वेगळं, डबा वेगळा

करोनानंतर लोकांना घरी मागवून खायची सवय लागली, असं कोकणातही सर्रास बोललं जातं. त्यात पार्सल आणि डबा एकाच मापाने मोजले जातात. अन्न बाहेर शिजतं आणि घरी खाल्लं जातं, एवढंच दोघांत साम्य. टेबल मांडून बसलेल्या हॉटेलांचं नेमकं काय झालं हे समजून घ्यायचं, तर हे दोन्ही वेगळे काढावे लागतात.

पार्सल म्हणजे हॉटेलचंच ताट, फक्त टेबलाशिवाय. मार्च 2020 च्या टाळेबंदीत बसून जेवणं बंद झालं आणि हॉटेलांच्या हाती तेवढंच उरलं. 5 ऑक्टोबर 2020 पासून राज्यात निम्म्या आसनांवर परवानगी मिळाली, पण एप्रिल 2021 मध्ये पुन्हा फक्त पार्सल. त्यानंतर जिल्ह्यानुसार निर्बंधांचे स्तर ठरले. 2 ऑगस्ट 2021 ला राज्यातल्या बऱ्याच जिल्ह्यांना सवलती मिळाल्या, तरी रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग तिसऱ्या स्तरातच राहिले. म्हणजे आठवड्यात दुपारी चारपर्यंत निम्मी टेबलं आणि शनिवार-रविवारी फक्त पार्सल. मालवण, गणपतीपुळे किंवा अलिबागच्या मासळी-थाळीवाल्याला विचारा, त्याचा धंदा शनिवार-रविवारचाच. पावसाळी मासेमारीबंदी 31 जुलैला संपलेली, ताजी मासळी यायला लागलेली, आणि गिऱ्हाईक आलंच तर त्याला बसवायची सोय नाही. रात्री दहापर्यंत टेबलं लावायची मुभा मिळाली ती 15 ऑगस्टपासून.

बरं, आपली थाळी पार्सलला मुळात साथ देत नाही. रवा लावून तळलेली सुरमईची तुकडी तव्यावरून थेट ताटात पडली तरच कुरकुरीत. झाकणबंद डब्यात तिचीच वाफ तिला लागते आणि दहा-पंधरा मिनिटांत रवा ओला होऊन सुटतो. कोंबडी-वड्यांतले वडे चिवट होतात. सोलकढीतला नारळाचा रस थोड्या वेळाने फुटल्यासारखा वर-खाली होतो आणि उन्हाळ्यात बिनफ्रीजचा फार टिकतही नाही. शिवाय थाळीची खरी किंमत असते ती मागून येणाऱ्या वाढप्याची: थोडा भात घ्या, कढी आणू का? पार्सलमध्ये पैसे जवळपास तेवढेच आणि ते वाढणं गेलेलं. म्हणूनच टेबलं उघडल्याबरोबर पर्यटक पुन्हा टेबलांवर आले, त्यात मला काही नवल वाटलं नाही.

डब्याचं गणित निराळं. तो मागवत नाहीत, लावतात. महिन्याचे पैसे ठरलेले, खाडे वजा, आणि आज काय हे शिजवणारी ठरवते. त्यामुळे ती टिकेल तेच शिजवते: उसळ, सुकट, तिसऱ्यांचं सुकं, तांदळाची भाकरी. बांगड्याचं तिखलं तर डब्यासाठीच जन्माला आलंय. त्यात नारळ नाही, मिरची, कोकम आणि तिरफळावर ते संध्याकाळपर्यंत उलट मुरतं.

करोनात घरातली सगळी माणसं आजारी पडली की दाराच्या कडीला डबा लागायचा. पुष्कळ बायकांनी तिथूनच सुरुवात केली. कुणाच्या नवऱ्याचं मुंबईतलं काम सुटलेलं, कुणाची पर्यटकांसाठी बांधलेली खोली रिकामी. आधी शेजारधर्म, मग ओळखीतून दोन-चार घरं, मग बँकेतले बदलीवर आलेले कर्मचारी, शाळेतले शिक्षक, एकटी राहणारी म्हातारी जोडपी ज्यांची मुलं पुण्या-मुंबईला. एप्रिल 2022 मध्ये निर्बंध संपले, पण त्यामुळे डबे बंद व्हायचं काही कारण नव्हतं. ही माणसं हॉटेल बंद म्हणून डबा खात नव्हती, त्यांना रोजचं जेवण हवं होतं.

आणि इथेच खरा घाव बसला, असं माझं मत आहे. तो मासळी-थाळीच्या मोठ्या हॉटेलांना नाही, तर एसटी स्टँडजवळच्या, कचेरीमागच्या जुन्या खानावळींना. त्यांचा आधार हेच महिन्याचे मेंबर होते. पार्सलमुळे खानावळीचा मेंबर तुटत नाही, एखाद-दुसरं ताट कमी होतं. डब्यामुळे अख्खा माणूस महिनोन्‌महिने जातो. वर खानावळीला गाळ्याचं भाडं, व्यावसायिक सिलिंडर आणि दोन पगारी माणसं. घरच्या ओट्यावर शिजवणारीला यातलं बरंच नाही. नोंदणी तिलाही लागते, पण वार्षिक उलाढाल बारा लाखांच्या आत असताना अन्नसुरक्षा नोंदणीची फी वर्षाला शंभर रुपये होती.

त्यामुळे खानावळवाले मदत मागतात तेव्हा त्यांना ऑनलाइन पार्सल सुरू करा, असं सांगणं मला पटत नाही. त्यांचं गिऱ्हाईक पार्सलने नेलेलंच नाही. आपल्याच मेंबरांना डबा पोचवणारं एक दुचाकीवरचं माणूस ज्यांनी वेळेत ठेवलं, त्यांना ते मेंबर धरून ठेवायची संधी तरी मिळाली. बाकीच्यांसाठी उरतं ते दुपारचं येणारं-जाणारं गिऱ्हाईक: तहसीलला कामासाठी आलेला, एसटी चुकलेला, ज्याला डबा कुणीच लावून देत नाही. त्याच्यासाठी गरम भात आणि बसायला बाक अजूनही लागतोच.