मिशिगनमधली २१ टक्क्यांची आघाडी गेली कुठे?

८ मार्च २०१६. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात डेमोक्रॅटिक पक्षाची प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक होती. जनमत चाचण्यांच्या सरासरीत हिलरी क्लिंटन बर्नी सँडर्सपेक्षा सुमारे २१ टक्क्यांनी पुढे होत्या. 'फाइव्हथर्टीएट' या अंदाज वर्तवणाऱ्या संकेतस्थळाने त्यांच्या विजयाची शक्यता ९९ टक्क्यांहून जास्त धरली होती. प्रत्यक्षात सँडर्स दीड टक्क्याने जिंकले.

आपल्याकडे तिकीट पक्षश्रेष्ठी देतात. तिथे पक्षाचा उमेदवार राज्याराज्यांतले मतदार निवडतात. हजार जणांच्या चाचणीत नमुन्यामुळे साधारण तीन टक्क्यांची चूक होऊ शकते. दोन उमेदवारांमधल्या अंतरात ती दुप्पट होते असे धरले, तरी सहाच टक्के. म्हणजे मिशिगनचा घोळ योगायोगाचा नव्हता. सगळ्या चाचण्या एकाच बाजूला चुकल्या, की सरासरी काढूनही हाती चूकच लागते.

माझ्या मते प्रायमरीत 'कोणाला मत देणार?' यापेक्षा 'मत द्यायला येणार कोण?' हा प्रश्न अवघड असतो. समजा, एका उमेदवाराला तरुणांची ८० टक्के आणि बाकीच्यांची ४५ टक्के मते मिळतात. मतदारांत तरुण १० टक्के असतील, तर त्याची बेरीज ४८.५ होते आणि तो हरतो. तरुण २० टक्के आले, तर ५२ होते आणि तो जिंकतो. एकाही माणसाचे मत बदललेले नाही! सार्वत्रिक निवडणुकीत बहुतेकांना पक्षाची निष्ठा बांधून ठेवते. प्रायमरीत सगळेच उमेदवार एका पक्षाचे, त्यामुळे तो आधार नाही. शिवाय मतदानही बरेच कमी होते.

मिशिगनमध्ये नेमके हेच नडले. मतदान करून बाहेर पडणाऱ्यांच्या पाहणीत तिशीच्या आतले जवळपास एक पंचमांश निघाले आणि त्यातले बहुसंख्य सँडर्सचे होते. या राज्यात मतदार नोंदणी पक्षनिहाय होत नाही. कोणीही कुठल्याही एका पक्षाची मतपत्रिका मागू शकतो, त्यामुळे अपक्ष वृत्तीचे मतदारही मोठ्या संख्येने आले. मागचा अनुभव पाहावा, तर तोही कुचकामी: २००८मध्ये मिशिगनने पक्षाचे नियम मोडून तारीख अलीकडे ओढली होती आणि ओबामांचे नाव मतपत्रिकेवर नव्हतेच, २०१२मध्ये ओबामांना खरी लढत नव्हती. मग कोण येईल, याचा हिशेब कशावरून करायचा?

कृष्णवर्णीय मतदारांचा अंदाजही फसला. त्याआधी साउथ कॅरोलिनात त्यांची ८० टक्क्यांहून अधिक मते क्लिंटनना मिळाली होती. मिशिगनमध्ये सँडर्सनी त्यांच्यातला चौथ्या हिश्श्याहून जास्त वाटा मिळवला. एकाच समाजगटाचा कल राज्यागणिक बदलू शकतो, हे चाचणीवाल्यांना इथे महागात पडले.

मतदारांच्या रचनेचा दुसरा पैलू २०२०मध्ये दिसला. जो बायडन आयोवात चौथे, न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे. दोन्ही राज्ये ९० टक्क्यांच्या आसपास गोऱ्यांची. साउथ कॅरोलिनात मात्र डेमोक्रॅटिक प्रायमरीत निम्म्याहून अधिक मतदार कृष्णवर्णीय असतात. तिथे २९ फेब्रुवारीला बायडन सुमारे २९ टक्क्यांच्या फरकाने जिंकले. चाचण्यांमध्येही ते पुढे होते, पण इतक्या फरकाने नाही. पुढे १० मार्चला मिशिगनमध्येही त्यांनी सँडर्सना हरवले, आणि तेही राज्याच्या सर्व ८३ काउंटींत, म्हणजे जिल्ह्यांत.